पैसा आधी कोणाच्या हातात जातो?

बेकार कोणाला म्हणायचे, याचे सरकारी उत्तर फार काटेकोर आहे. देशात २०१७ पासून नियतकालिक श्रमबल पाहणी होते. तिच्या साप्ताहिक मोजणीत मागच्या सात दिवसांचा हिशेब विचारतात, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी एक तास जरी काम झालेले असले तरी तो माणूस त्या आठवड्यापुरता कामावर धरला जातो. वर्षभराच्या मोजणीत तीस दिवसांचे काम पुरते. त्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत असेही नाही. घरच्या दुकानात बसणारा मुलगा, घरच्या शेतात खुरपणी करणारी सून, हे दोघेही कामावर असलेलेच. अशी फूटपट्टी लावल्यावर २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील लोकांतले बेरोजगारीचे प्रमाण ३.२ टक्के भरले, तर १५ ते २९ या वयोगटात ते १०.२ टक्के निघाले. त्याच पाहणीत काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वतःच्याच कामात होते, म्हणजे कोणाच्याही पगारपत्रकावर नव्हते. हे तीन आकडे एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल ते करतो आणि मोजणीत ‘कामावर’ दिसतो. आपला मोठा प्रश्न रिकाम्या हातांचा आहे, पण त्याहून मोठा प्रश्न भरलेल्या हातांना पुरेसे न मिळण्याचा आहे. म्हणून नोकरी गेलेल्याने किंवा अजून न लागलेल्याने ‘काहीतरी काम शोधतो’ एवढे ठरवून भागत नाही. कोणत्या कामातून खरोखर पैसा घरात येतो, हे त्याला पारखता आले पाहिजे.

कमाईच्या मार्गांच्या याद्या भरपूर मिळतात. शिकवण्या घ्या, डबे द्या, गाडी चालवा, भाषांतर करा, शेअर बाजार शिका, साखळीत सभासद व्हा. या यादीत खरे मार्ग आणि सापळे शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि अडचणीतल्या माणसाला ते सारखेच दिसतात. त्याला यादीपेक्षा चाळणीची गरज जास्त आहे. माझ्या मते ती चाळणी दोन प्रश्नांची आहे. या व्यवहारात पैसा आधी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो? आणि काम फसले तर तोटा कोणाच्या अंगावर पडतो? ज्या कामात पैसा आधी किंवा लवकर आपल्याकडे येतो आणि तोटा पेलवेल एवढाच राहतो, ते बेकारीतले काम. ज्यात आपणच आधी पैसे मोजायचे आणि कमाई पुढे कधीतरी व्हायची, तो व्यवहार चांगल्या दिवसांत कदाचित करता येईल; हात रिकामे असताना तो करू नये.

लिज्जत पापडची गोष्ट आपल्याकडे यशकथा म्हणून सांगतात, पण तिच्यातली हिशेबाची बाजू सांगायची राहून जाते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पुढे ही संस्था हजारो बायकांची झाली. आज सभासदांची संख्या सुमारे ४५ हजार सांगितली जाते. एवढा विस्तार झाला तो व्यवहाराच्या घडणीमुळे. भिजवलेले पीठ केंद्रावरून मिळते, बाई ते घरी नेऊन लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी पापड परत आणते आणि लाटणावळ घेऊन जाते. पीठ तिने विकत घ्यायचे नाही. पापड खपले की नाही ही काळजीही तिची एकटीची नाही. तिने द्यायचा तो आपला वेळ आणि हाताचे कसब, आणि मोबदला चोवीस तासांत. घरात शिल्लक नसलेल्या बाईलाही या कामात शिरता आले, ते पैशाची दिशा पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होती म्हणून.

मुंबईतच, गिरणगावात, दुसरा एक धंदा त्याआधीपासून चालत होता, आणि त्यात पैशाची दिशा उलटी होती. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार खोलीवर झोपायचा आणि जेवायचा खानावळवाल्या बाईकडे. ती वाण्याकडून उधारीवर धान्य-तेल आणायची, महिनाभर दोन वेळ जेवू घालायची, आणि पैसे मिळायचे कामगाराचा पगार झाल्यावर. मधले तीस दिवस तिने कशाच्या जोरावर काढायचे? सावकाराच्या. धंदा उत्तम होता, गिऱ्हाईक बांधलेले होते, हाताला चव होती, तरी नफा व्याजात जायचा आणि अंगावरचे डाग गहाण पडायचे. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्यांना स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती. गरज होती ती मधले तीस दिवस भरून काढण्याची. मंडळाने एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेची छोटी कर्जे मिळवून दिली, आणि सावकार बाजूला झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, आणि जेवणाऱ्यांकडेच पैसा उरला नाही. खानावळींचे कंबरडे मोडले ते उधारीमुळेच. आज डबे सुरू करू पाहणाऱ्या कोणालाही या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावेत, निदान आठवड्याचे तरी. गिऱ्हाईक कुरकुर करील. पण ज्याला आगाऊ द्यायचे नाहीत, तो आपल्या घरच्या किराण्यावर महिनाभर जेवणार आहे, हे ओळखून असावे. खाद्यपदार्थांच्या नोंदणीलाही लोक उगाच घाबरतात. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवले गेले. चाळीतल्या स्वयंपाकघरालाही हे जमण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न तोट्याचा, आणि त्यात झीजही येते. शहरात काम गेले की आज सर्वांत पटकन मिळते ते मोबाइलवरून सोपवलेले घरपोच पोहोचवण्याचे काम. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज होता. या कामात पैसे लवकर येतात हे खरे, त्यामुळे पहिल्या प्रश्नात ते उत्तीर्ण होते. पण हातात पडणारी रक्कम आणि कमाई यांत फरक आहे. समजा दिवसाला ८०० रुपये मिळाले आणि १२० किलोमीटर गाडी फिरली. लिटरला ४५ किलोमीटरची सरासरी आणि १०४ रुपये पेट्रोल धरले तर २७७ रुपये टाकीत गेले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, मोबाइलचा डेटा यांसाठी रोज १०० रुपये बाजूला काढावेच लागतात, आज लागले नाहीत तरी सहा महिन्यांनी एकदम लागतील. उरले ४२३. दहा तास काम झाले असेल तर तासाला ४२ रुपये. आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवू. पाचवी-सहावीच्या सात मुलांची शिकवणी, प्रत्येकी महिना ५०० रुपये, रोज दीड तास, महिन्यात चोवीस दिवस. मिळाले ३५००, तास लागले ३६, म्हणजे तासाला ९७ रुपये. पेट्रोल नाही, अपघाताची भीती नाही, आणि उरलेला दिवस मोकळा. आकडे गावागणिक बदलतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवावी: एकूण रकमेतून खर्च आणि झीज वजा करायची, मग तासांनी भागायचे. पोहोचवण्याचे काम करूच नये असे मी म्हणत नाही. घरात आज पैसे हवे असतील तर ते आजच सुरू करावे. मात्र गाडी आपली, पेट्रोल आपले आणि पडलो तर हाडही आपले, हे ध्यानात ठेवून तासाला जास्त देणारे दुसरे काम शोधत राहावे. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने केवळ या कामासाठी हप्त्यावर गाडी घेणे ही तर उलटीच चाल झाली. काम थांबले तरी हप्ता थांबत नाही.

आपल्या भागातले काम ऋतूंवर चालते, आणि सुशिक्षित बेकारांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची तोडणी, निवड आणि पॅकिंग चालते. मार्चपासून मेपर्यंत कोकणात आंबा उतरवणे, प्रतवारी करणे आणि पेट्या भरणे यांसाठी माणसे कमी पडतात. पेणच्या गणपती कारखान्यांत जवळजवळ वर्षभर काम असते. साच्यातून मूर्ती काढणे कोणालाही लवकर शिकता येते, रंगकामाला सराव लागतो, आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला वेगळाच भाव असतो. एकाच कारखान्यात मजुरीपासून कसबापर्यंतची शिडी अशी उभी असते, आणि ती चढायला फी लागत नाही. दिवाळीआधीचा महिना फराळाचा. चकल्या, अनारसे, चिरोटे घरी करायला वेळ नसलेली कुटुंबे शहरोशहरी आहेत, आणि परदेशातल्या मुला-नातवंडांना फराळाची पार्सले पाठवण्याची रीत इतकी रुजली आहे की टपाल खातेही त्यासाठी खास सोय करते. लग्नसराईत वाढपी, सजावट करणारे, मेंदी काढणारे, चालक लागतात. याखेरीज गल्लीतल्या गरजा बारमाही आहेत: ब्लाउजची उसवण-शिवण आणि फॉल-पिको, पोळ्या लाटून देणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दवाखान्यात नेऊन आणणे, दाखले आणि योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे, नळ-वीज-मिक्सरची दुरुस्ती. यांतले कोणतेही एक काम नोकरीची जागा घेणार नाही. पण दोन-तीन कामे ऋतूप्रमाणे एकमेकांना जोडली की वर्ष निघते. शेतकरी खरीप आणि रब्बी लावतो, जोडीला दोन म्हशी ठेवतो. एका पिकावर विसंबायचे नाही हे शहाणपण आपल्या मातीत जुने आहे, ते कारकुनी नोकरीच्या पिढीत विसरले गेले.

आता चाळणीवर जे उरते त्याकडे पाहू. ‘नोंदणी फी’ मागणारी घरबसल्या टायपिंगची कामे, ‘अनामत’ मागणारे नोकरीचे दलाल, आधी साहित्य विकत घ्या आणि मग माल बनवून द्या म्हणणाऱ्या जाहिराती, या सगळ्यांत पैसा पहिल्यांदा बेकार माणसाच्या खिशातून बाहेर पडतो. मोबाइलवरची नवी तऱ्हा अधिक धूर्त आहे. व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला तारे द्या, आणि सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. पैसे आले म्हणून विश्वास बसतो. मग ‘मोठ्या कामा’साठी आधी रक्कम भरायला सांगतात, आणि तिथून दिशा फिरते. म्हणून पैशाच्या दिशेचा प्रश्न एकदा विचारून थांबायचे नाही, प्रत्येक पायरीवर विचारायचा. या नियमाला उलट भासणारा, पण त्याहूनही घातक प्रकार म्हणजे बँक खाते भाड्याने देणे. तिथे पैसा आपल्याकडे येतो, अगदी काहीही न करता येतो. पण तो दुसऱ्या कोणाचा तरी लुबाडलेला असतो आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. श्रम नाहीत, कसब नाही, तरी मोबदला आहे, असे दिसले की तोट्याचा दुसरा प्रश्न विचारावा. साखळी विक्रीत सभासद जोडण्यावर पैसे मिळतात, आणि १९७८ च्या कायद्याने पैशाच्या अशा फिरत्या योजनांना बंदी आहे. २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड पद्धतीला मनाई केली. तरी ती नव्या नावाने गावोगाव येते, कारण ती अनोळखी माणसाकरवी येत नाही. ती मावसभावाकरवी येते, आणि नाही म्हणणे अवघड जाते.

शेअर बाजारातले वायदे आणि ऑप्शन्स यांचा उल्लेख इथे करावा लागतो, कारण बेकारीतली कमाई म्हणून तरुण त्याकडे वळत आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांतले एक कोटीहून अधिक व्यक्तिगत व्यवहार करणारे तपासले गेले. त्यांतले ९३ टक्के तोट्यात होते. तोट्यात गेलेल्याचे सरासरी नुकसान, व्यवहार खर्च धरून, सुमारे दोन लाख रुपये; सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते, आणि ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितले होते. लागोपाठ तोटा सोसूनही बहुतेकांनी व्यवहार सुरूच ठेवले. शंभरातले त्र्याण्णव जिथे हरतात, त्याला कमाईचा मार्ग म्हणणे मला मान्य नाही, मग शिकवणारा कितीही गोड बोलो. हा पैसा अनेकदा आईच्या पाटल्यांचा किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेचा असतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. भांडवल न घालता कोणता धंदा उभा राहतो? पैसा आधी बाहेर जाणारच, मग हा नियम पाळणारा जन्मभर मजुरीच करणार का? उत्तर क्रमात आहे. आधी श्रम विकावे, मग कसब, मग माल, आणि कर्ज सर्वांत शेवटी. दुसऱ्याच्या वडापावच्या गाडीवर दोन महिने काम केलेल्या माणसाला तेलाचा खर्च, पावसाळ्यातली विक्री, शिळ्या पावाचा तोटा आणि गर्दीच्या वेळा ठाऊक होतात. हे शिकताना चुकांचे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. मग तो स्वतःची गाडी लावतो तेव्हा ते धाडस अंदाजावर नसते. कर्ज काढायचे ते चालणारे काम वाढवण्यासाठी. काम चालेल की नाही हे पाहण्यासाठी काढायचे नाही. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेने फेरीवाल्यांसाठी सुरुवातीला १० हजारांचे खेळते भांडवल ठेवले आणि फेडल्यावर पुढची मोठी रक्कम देऊ केली. म्हणजे योजनेचीच रचना पायरीपायरीने जाण्याची आहे. रस्त्यावर बसणाऱ्याने २०१४ चा फेरीवाला कायदाही माहीत करून घ्यावा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत जुन्या विक्रेत्यांना हटवता येत नाही असे तो सांगतो, मात्र नव्याने बसणाऱ्याला त्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही. नियमाला एक प्रामाणिक अपवादही सांगितला पाहिजे. आखातात कामाला जाणाऱ्याला, आणि कोकण-गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत, भरती दलालाला कायदेशीर शुल्क द्यावे लागू शकते. पण दलाल सरकारकडे नोंदलेला हवा आणि शुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. दलालाचे नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. लाखांत रक्कम मागणारा तिथेच उघडा पडतो.

दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा. काम धरले की अभ्यास बुडतो, आणि अभ्यास बुडाला की पद गेले. पुण्याच्या पेठांत अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत वर्षे काढणाऱ्या मुलामुलींचा हा मुद्दा हलका लेखण्यासारखा नाही. घरून येणाऱ्या पैशांचे ओझे ती मुले रोज वागवतात. तरीही आकडे पाहावेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रात १७,४७१ पोलिसांची भरती निघाली, आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. एका जागेमागे शंभर. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या हाती त्या फेरीअखेर काय राहील, याचा विचार अभ्यास सुरू करतानाच व्हायला हवा, सहाव्या प्रयत्नानंतर नव्हे. रोज दोन तासांचे काम उरलेले बारा तास खात नाही. उलट शिकवणी घेणाऱ्याची अंकगणिताची आणि मराठी व्याकरणाची उजळणी आपोआप होते. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठेवले. साताऱ्याच्या वसतिगृहात मुले शेतात राबून शिकली, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढे विद्यापीठांनीही स्वीकारली. त्या मुलांचा अभ्यास श्रमाने बुडाला नाही. त्यांच्यातून शिक्षक, अधिकारी, शास्त्रज्ञ निघाले. लोक काय म्हणतील ही अडचणही याच जागी संपायला हवी. पदवीधर मुलगी मेसमध्ये पोळ्या लाटते यावर कुजबुजणारे शेजारी तिच्या खोलीचे भाडे भरणार नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो मी पूर्ण मानतो. बेकारी ही व्यक्तीची चूक नाही. मग तिने पापड लाटावेत, गाडी पळवावी असे सांगणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे काय? महाराष्ट्राने या प्रश्नाला एकदा देशात सर्वांच्या आधी उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खणायला माणसे लोटली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात आधीच करून पाहिलेल्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि पैसा उभा करण्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. पगारपत्रकावरची ती छोटी कपात म्हणजे नोकरी असलेल्याने नोकरी नसलेल्याला दिलेला आधार होता. पागे यांच्या या कायद्यातून पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला. त्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी दिली, आणि मागितल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याची तरतूद केली. तो भत्ता फार थोड्यांना मिळाला, कारण काम मागितल्याचा कागदच हातात नसे. म्हणून गावात काम मागताना तोंडी सांगून परतू नये. लेखी अर्ज करून तारीख घातलेली पोच घ्यावी. हक्क त्या तारखेपासून मोजला जातो.

शहरात अशी हमी नाही, आणि हा आपल्या व्यवस्थेतला उघडा खड्डा आहे. थोडेफार आहे ते लोकांना ठाऊक नसते. राज्य कामगार विमा महामंडळाकडे वर्गणी कापली जात असलेल्या कामगाराची नोकरी गेली, तर २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकते, पण आयुष्यात एकदाच, आणि निदान दोन वर्षांच्या नोकरीची अट पाळून. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, तेव्हा शाखा कार्यालयात चौकशी करूनच अर्ज करावा. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार असे विद्यावेतन त्यात ठरले. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हे विचारत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, आणि तो प्रश्न खरा आहे. तरीही पैसे घेऊन ‘नोकरीची हमी’ विकणाऱ्या शिकवणी वर्गापेक्षा शिकताना पैसे देणारी जागा केव्हाही बरी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या कारखान्यातल्या जागांनाही हेच लागू पडते. सरकारकडे हक्क मागणे आणि उद्याच्या भाजीचे पैसे आज मिळवणे, ही एकाच घरातली दोन कामे आहेत. संपातले गिरणी कामगार मोर्चालाही जात होते आणि संध्याकाळी भाजीही विकत होते. त्यामुळे त्यांची मागणी कमी खरी ठरली नाही.

या चाळणीने नोकरी मिळत नाही, हे मान्य आहे. पेलवणार नाही असे कर्ज आणि फसवणूक मात्र तिने टळते, आणि बेकारीत सर्वांत जास्त घरे या दोन गोष्टींनीच खचतात. काम देतो म्हणून कोणी आधी पैसे मागत असेल, तर देऊ नका. ऑनलाइन दिले गेलेच असतील, तर लाज बाळगून दिवस घालवू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच, शक्य तर पहिल्या तासातच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती रक्कम गोठवता येते.